ब्रेकरवरचा दुसरा आकडा

पाटोद्यात इमारत बांधणारा माणूस ब्रेकर मागतो तेव्हा एकच आकडा सांगतो. बत्तीसचा द्या, त्रेसष्टचा द्या. दुकानदार तोच आकडा बघून खोक्यातून माल काढतो आणि वायरमन तोच आकडा बघून पॅनेलमध्ये बसवतो. त्याच ब्रेकरच्या तोंडावर, लहानशा चौकटीत, आणखी एक आकडा छापलेला असतो: ६००० किंवा १००००. आयटीआयला तारतंत्रीचा ट्रेड करून आधी पुण्यात आणि नंतर गावी परतून मी विजेचीच कामं करत आलो. इतक्या वर्षांत एका गोष्टीची माझी खात्री पटली आहे. चार कुटुंबं एका जिन्याने वर जातात अशा इमारतीत माणसांची सुरक्षितता या दुसऱ्या आकड्यावर ठरते. तो वाचायची सवय आपल्या भागाला अजून लागलेली नाही, म्हणून हे लिहितो आहे.

पहिला आकडा रोजच्या वापराचा. ३२ अँपिअरच्या ब्रेकरमधून तेवढा प्रवाह कायम वाहू शकतो. त्याहून जास्त ओढला, तर आतली दोन धातूंची जोडपट्टी तापते, वाकते आणि खटका पडतो. दुसरा आकडा फॉल्टचा. दोन तारा थेट एकमेकींना भिडल्या की मधे पंखा, गिझर, मोटर असं काहीच अडवायला उरत नाही, आणि मागच्या डीपीत, म्हणजे वीज देणाऱ्या रोहित्रात, जेवढा जोर असेल तेवढा प्रवाह त्या जागी धावून येतो. तो हजारो अँपिअरमध्ये असतो. एवढा प्रवाह तोडून स्वतः शाबूत राहण्याची ब्रेकरची जी कमाल ताकद, ती त्या चौकटीत लिहिलेली असते. उन्हाळ्यात सहज बंद होणारं बंधाऱ्याचं दार पुराच्या लोंढ्यात बंद होईलच असं नाही. पुरात बंद होण्याची हमी वेगळी मागावी लागते, आणि चौकटीतला आकडा ही ती हमी आहे.

ब्रेकर उघडून पाहिला की ही हमी कशातून येते ते कळतं. शॉर्टसर्किट झालं की आतल्या कॉइलचा चुंबक क्षणात खेचतो आणि संपर्काचे दोन तुकडे एकमेकांपासून दूर होतात. पण प्रवाह तेवढ्याने थांबत नाही. दोन तुकड्यांच्या मधल्या हवेतून ठिणगीचा जळता पट्टा वाहत राहतो. त्याला बाजूला ढकलून पोलादी पातळ पत्र्यांच्या चळतीत घुसवायचं, त्याचे बारीक तुकडे करायचे, ते थंड करायचे आणि विझवायचे, हे सगळं ब्रेकरला करायचं असतं. चांगला एमसीबी, म्हणजे घरगुती पॅनेलमधला छोटा ब्रेकर, मोठ्या फॉल्टला हे काम सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत उरकतो. प्रवाह दुप्पट झाला की तारांना बसणारा धक्का चौपट होतो आणि तेवढ्याच वेळात उष्णताही चौपट निर्माण होते. म्हणून सहा हजारांपर्यंत टिकणारं यंत्र नऊ हजारांना थोडं कमी पडेल, असा हिशेब इथे चालत नाही. आतली ठिणगी विझली नाही तर ब्रेकरचं कवच फुटतं, किंवा संपर्क वितळून एकमेकांना चिकटतात. मग खटका खाली दिसतो आणि वीज मात्र चालूच राहते.

हे मी पुण्यात शिकलो. आमच्या पाटोदा-आष्टी भागातली बरीच पोरं पुण्याच्या साइटवर जातात, तसाच मीही खराडी-वाघोलीकडे उंच इमारतींच्या कामावर होतो. तिथल्या सुपरवायझरची एक शिस्त होती. नकाशावर प्रत्येक पॅनेलशेजारी ‘केए’मध्ये, म्हणजे हजार अँपिअरमध्ये, एक आकडा लिहिलेला असे, आणि तो लिहिल्याशिवाय ब्रेकरची यादी बाजारात जात नसे. तो आकडा कसा काढायचा हे त्यांनी आम्हा वायरमनांनाही समजावलं होतं.

हिशेब सोपा आहे. रोहित्राची क्षमता त्याच्या पाटीवर केव्हीएमध्ये लिहिलेली असते. गावाला वीज देणाऱ्या रोहित्राचा दाब एका बाजूला ११ हजार व्होल्ट आणि दुसऱ्या बाजूला ४३३ व्होल्ट. १०० केव्हीएच्या रोहित्रातून पूर्ण भाराला सुमारे १३३ अँपिअर मिळतात. रोहित्राचा स्वतःचा अडसर, म्हणजे इम्पिडन्स, अशा आकारांना साधारण साडेचार टक्के असतो. १३३ ला ०.०४५ ने भागलं की २९६० अँपिअर येतात. रोहित्राच्या तोंडाशीच तिन्ही फेज भिडले तर जास्तीत जास्त एवढा प्रवाह वाहील. डोक्यात ठेवायला सोपा नियम म्हणजे केव्हीएला ३० ने गुणायचं. ६३ च्या डीपीला सुमारे १९०० अँपिअर, १०० ला ३०००, २०० ला ६०००, ३१५ ला साडेनऊ हजारांच्या आत-बाहेर, आणि ६३० ला जवळजवळ १९ हजार. यात परळीचं वीजकेंद्र जवळ की दूर याने फारसा फरक पडत नाही. राज्यभरचं जाळं एकमेकांना जोडलेलं असतं, आणि आपल्या दारापर्यंत येणाऱ्या जोराला आवर घालतं ते शेवटचं रोहित्र. मागच्या ११ हजारांच्या लाइनचा अडसर या हिशेबात धरलेला नाही, त्यामुळे खरा आकडा थोडा कमी येतो. ब्रेकर निवडताना ही चूक सुरक्षित बाजूची आहे.

डीपीपासून इमारतीपर्यंतची केबल हा दुसरा अडसर. २०० केव्हीएच्या डीपीपासून २५ चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियम केबल ५० मीटर आली, तर सहा हजारांचे तीन हजार होतात. केबल बारीक आणि लांब असेल तर फॉल्ट कमी होतो; जाड आणि आखूड असेल तर जवळजवळ जसाच्या तसा आत येतो. पुण्यातल्या त्या इमारतींना स्वतःचं ६३० केव्हीएचं रोहित्र आवारातच असे, म्हणून मुख्य पॅनेलला २५ किंवा ३६ केएचा एमसीसीबी, म्हणजे मोठा ब्रेकर, लागे. वरच्या मजल्यांवर केबलमुळे आकडा उतरे, तेव्हा फ्लॅटच्या आत १० केएचा एमसीबी पुरे. जिथे शंका, तिथे मागे एचआरसी फ्यूज. दिसायला साधा, पण ८० केएपर्यंतचा प्रवाह तोडणारा. मागचा फ्यूज किंवा ब्रेकर आधीच जोर कापत असेल तर पुढचा लहान आकड्याचाही चालतो. मात्र ती जोडी बनवणाऱ्या कंपनीने स्वतः चाचणी घेऊन तक्त्यात दिलेली असली पाहिजे. आपल्या अंदाजाने जोडी लावायची नसते.

गावी परतलो तेव्हा पाटोदा बदलायला लागलं होतं. पूर्वी किटकॅट फ्यूज आणि त्यात पिळलेली तार एवढ्यावर घरं चालत. डीपी ६३ किंवा १०० चा, वीज कमी आणि भारनियमन जास्त. मग रस्त्याकडेला खाली दुकानं आणि वर फ्लॅट अशा तीन-चार मजली इमारती उभ्या राहिल्या. एसी आले, गिझर आले, पिठाच्या गिरण्या, शीतपेयांचे फ्रीज, लिफ्ट. मागणी वाढली तसे डीपी बदलत गेले, १०० चे २००, २०० चे ३१५. लोकांना हवं होतं ते मिळालं. दाब सुधारला, बल्ब मिणमिणायचे थांबले. पण रोहित्र मोठं होतं त्या दिवशी त्यावरच्या प्रत्येक इमारतीतला फॉल्टही मोठा होतो, आणि ते सांगायला त्या इमारतीत कोणी जात नाही. आतला ब्रेकर जुन्याच हिशेबाचा राहतो.

अशाच एका इमारतीत आग लागल्यानंतर मला बोलावलं होतं. मीटरची खोली जिन्याखाली. बांधकाम झालं तेव्हा डीपी १०० चा आणि लांब होता. तेव्हा पॅनेलमध्ये ६००० चे ब्रेकर बसवले, आणि त्या वेळी ते दुप्पट सुरक्षित होते. पुढे ३१५ चा डीपी कंपाउंडच्या भिंतीलगत आला आणि जाड नवी केबल जेमतेम १५ मीटर अंतरावरून आत आली. हिशेब केला तर मीटरच्या खोलीत पावणेनऊ हजार अँपिअरचा फॉल्ट. पावसाळ्यात भिंतीतून झिरपलेलं पाणी एका ब्रेकरच्या बाहेर जाणाऱ्या तारांवर आलं. तिथला ढिला लग आधीच तापून इन्सुलेशन करपलेलं होतं. तारा भिडल्या. ब्रेकर उघडायला गेला आणि फुटला. त्यातून उडालेला जळता वायू आणि वितळलेलं तांबं मागच्या बसबारवर गेलं, आणि फॉल्ट ब्रेकरच्या पुढे होता तो ब्रेकरच्या मागे आला. आता त्याला तोडणारं इमारतीत काहीच नव्हतं. डीपीवरचा डीओ फ्यूज उडेपर्यंत पॅनेल जळत राहिलं. धूर जिन्याने वर चढला, वरच्या मजल्यावरची माणसं खाली उतरू शकली नाहीत, लेकरांना घेऊन गच्चीवर गेली. सगळी वाचली.

जळालेल्या पॅनेलमधून मी तो ब्रेकर बाहेर काढला. अर्धं कवच नव्हतं. उरलेल्या तोंडावर चौकटीतला ६००० वाचता येत होता. गावात मात्र सगळे एकच म्हणत होते, शॉर्टसर्किटने आग लागली. मला हे वाक्य अपुरं वाटतं. शॉर्टसर्किट होणारच. पाल पॅनेलमध्ये शिरते, उंदीर तार कुरतडतो, भिंतीत ड्रिल मारताना टोक वायरला लागतं. ते क्षणात तुटून जाणं यासाठीच ब्रेकर असतो. शॉर्टसर्किटची आग झाली, याचा अर्थ तोडणाऱ्याने तोडलं नाही. ते का तोडलं नाही, हा प्रश्न प्रत्येक आगीनंतर विचारला गेला पाहिजे.

त्या इमारतीचं नवं पॅनेल मी जिन्यापासून दूर, बाहेरच्या भिंतीला उघडणाऱ्या खोलीत घेतलं. मुख्य ठिकाणी २५ केएचा एमसीसीबी, पुढे सगळे १०००० चे. एमसीसीबी घेताना त्यावरचे दोन आकडे पाहायचे. एक ‘आयसीयू’, म्हणजे कमाल किती प्रवाह तो तोडेल. दुसरा ‘आयसीएस’, म्हणजे किती प्रवाह तोडल्यावरही तो पुन्हा कामाला येईल. दुसरा पहिल्याच्या निम्मा असेल तर मोठ्या फॉल्टनंतर तो ब्रेकर बदलावा लागतो, आणि हे मालकाला आधीच सांगितलेलं बरं.

मालकाशी बोलणं हा या कामाचा अर्धा भाग आहे. आमच्याकडची अनेक घरं ऊसतोडीच्या पैशावर उभी राहिली. दिवाळीनंतर कुटुंबं कारखान्यांकडे निघतात आणि हंगाम संपल्यावर परततात. असेच एक मुकादम, मला वडिलांच्या जागी असलेले, इमारत बांधताना पॅनेलचा खर्च पाहून म्हणाले, “दादा, बटन ते बटनच की. बत्तीसचं ह्ये बी अन् बत्तीसचं त्ये बी. मग ह्याला एवढं जास्तीचं पैसं कशाला?”

मी दोन्ही ब्रेकर त्यांच्या हातात दिले आणि चौकटीतले आकडे वाचायला सांगितले. “अण्णा, तुम्ही सहा महिने घाटाखाली असता. इथे मागे म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं राहतात. रात्री काही झालं तर खाली उतरून बटण बंद करायला कोणी असेल का? ते काम यालाच करायचंय.”

त्यांनी दोन्ही ब्रेकर बराच वेळ पाहिले. “मग आपल्या डीपीचा आकडा किती?” त्यांनी विचारलं. आम्ही दोघं डीपीपाशी गेलो, पाटी वाचली, ३० ने गुणलं. त्यानंतर पैशांचा विषय निघाला नाही. हिशेब समोर मांडला की आपली माणसं त्याला नाही म्हणत नाहीत, हा माझा कायमचा अनुभव आहे.

या विषयाची उलटी बाजूही आमच्याच तालुक्यात पाहायला मिळते. मांजरा नदी जिथे उगम पावते त्या बालाघाटच्या माथ्यावरच्या वस्त्यांना वीज लांबच्या डीपीवरून, बारीक तारेवरून जाते. अशा एका घरात वायर लाल होऊन जळाली, तरी सी ३२ चा एमसीबी लगेच पडला नव्हता. घरच्यांना वाटलं ब्रेकर बनावट. लूप टेस्टर लावून मोजलं, तर त्या घरात शॉर्टसर्किट झालं तरी प्रवाह दोनशे अँपिअरच्या आतच राहत होता. इतक्या लांबच्या तारेचा अडसरच तेवढा. सी प्रकारचा एमसीबी क्षणात पडण्याची खात्री दहापट प्रवाहाला असते; ३२ च्या ब्रेकरला त्यासाठी ३२० अँपिअर हवेत. त्याखाली तो जोडपट्टी तापण्याची वाट पाहू शकतो, आणि त्यात काही सेकंद जातात. घरातली दीड चौरस मिलिमीटरची पीव्हीसी वायर मात्र २०० अँपिअर पाऊण सेकंदही नीट सोसत नाही. ब्रेकर खरा होता, हिशेब खोटा होता. तिथे बी प्रकारचा १६ अँपिअरचा एमसीबी लावला. तो ८० अँपिअरला क्षणात पडतो. जमिनीकडे गळणाऱ्या प्रवाहासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी जोडला आणि अर्थिंग नव्याने केलं. जनरेटरवर चालणाऱ्या इमारतीतही हीच अडचण येते, कारण लहान जनरेटर फॉल्टला पुरेसा प्रवाह देऊच शकत नाही. म्हणून एखाद्या जागी फॉल्ट जास्तीत जास्त किती आणि कमीत कमी किती, दोन्ही माहीत हवेत. जास्तीत जास्तवरून ब्रेकरची ताकद ठरते, कमीत कमीवरून तो वेळेत पडेल की नाही ते ठरतं.

दुकानात समोर येणाऱ्या दोन वस्तूंबद्दल स्पष्ट सांगायला हवं. आयसोलेटर दिसायला हुबेहूब एमसीबीसारखा असतो, पण तो फॉल्ट तोडत नाही. तो फक्त हाताने बंद-चालू करायचा. मीटरच्या खोलीत मुख्य जागी एकटा आयसोलेटर बसवलेला मी अनेकदा पाहिला आहे. आरसीसीबी माणसाला शॉकपासून वाचवतो, पण शॉर्टसर्किट तोडायला त्याच्या मागे एमसीबी किंवा फ्यूज लागतोच. आणि एमसीबीवर आयएसआयचं चिन्ह सक्तीचं आहे. ते नसलेला ब्रेकर कितीही स्वस्त मिळो, त्याच्या चौकटीतल्या आकड्यावर विश्वास ठेवायला आधार नाही.

नियम काय सांगतात? १५ मीटरपेक्षा उंच इमारतींसाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत वेगळी तरतूद आहे. वीजपुरवठा सुरू होण्याआधी विद्युत निरीक्षकाची तपासणी लागते. पाटोद्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या तीन-चार मजली इमारती बहुधा या उंचीच्या खाली राहतात. तिथे सगळी भिस्त परवानाधारक ठेकेदाराच्या टेस्ट रिपोर्टवर. म्हणजे आमच्यासारख्यांच्या सहीवर. वायरिंगची भारतीय मानक संहिता, आयएस ७३२, पुरवठ्याच्या जागी संभाव्य शॉर्टसर्किट प्रवाह किती हे आधी ठरवायला सांगते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेत २०११ पासून आणखी पुढचं पाऊल आहे. घरांव्यतिरिक्तच्या इमारतींत मुख्य पॅनेलवर उपलब्ध फॉल्ट प्रवाहाचा आकडा आणि तो कोणत्या तारखेला काढला हे लिहावं लागतं. पुरवठ्यात बदल झाला की आकडा तपासून पुन्हा लिहायचा. ही पद्धत आपल्याकडे आणायला कोणत्याही मोठ्या खर्चाची गरज नाही. रंगाचा डबा आणि ब्रश पुरतो.

मी माझ्या कामात आता ते करतो. पॅनेलच्या दारावर चार ओळी रंगवतो: डीपी किती केव्हीएचा, केबल कोणती आणि किती मीटर, फॉल्ट किती केए, तारीख कोणती. पुढे जो वायरमन येईल त्याला डीपीची पाटी आणि दारावरची ओळ जुळते की नाही एवढंच पाहायचं आहे. जुळली नाही तर हिशेब नव्याने करायचा.

माझ्या बरोबरीच्या वायरमन आणि ठेकेदार मित्रांना माझं सांगणं आहे की हा हिशेब केल्याशिवाय टेस्ट रिपोर्टवर सही करू नका. इमारतीत राहणाऱ्यांना विनंती आहे की आज मीटरच्या खोलीत जा, कशालाही हात न लावता ब्रेकरच्या चौकटीतला आकडा वाचा, आणि लांबूनच आपल्या डीपीवर लिहिलेले केव्हीए वाचून त्याला ३० ने गुणा. डीपी लगत असेल आणि गुणाकार चौकटीतल्या आकड्यापेक्षा मोठा येत असेल, तर परवानाधारक माणसाला बोलावून केबलसह पूर्ण हिशेब करून घ्या आणि गरज निघाली तर पावसाळ्याच्या आधी ब्रेकर बदला. डीपी बदलला जाईल त्या दिवशी हेच पुन्हा करा.